टार्मोगॉयफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात मजकूर एका वाक्याचा आणि वाद मात्र टेबलाटेबलावर, असे एखादे क्रीचर कार्ड निवडायचे झाले, तर टार्मोगॉयफचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. या कार्डाबद्दलच्या बहुतेक शंका ‘काय मोजायचे’ याविषयी असल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील अवघड शंका ‘केव्हा मोजायचे’ याविषयी असतात. खेळाचे प्राथमिक नियम वाचकाला ठाऊक आहेत, असे धरून पुढील उत्तरे दिली आहेत.

टार्मोगॉयफ हे कार्ड नेमके काय आहे?

टार्मोगॉयफ हे हिरव्या रंगाचे क्रीचर असून त्याची किंमत कोणत्याही प्रकारचा एक आणि हिरवा एक, असा एकूण दोन माना आहे. त्याचा क्रीचर प्रकार ‘लुरगॉयफ’ आहे. सर्व ग्रेव्हयार्डांतील कार्डांमध्ये मिळून जितके कार्ड-प्रकार आढळतात, तितकी त्याची पॉवर असते आणि त्या संख्येपेक्षा एकाने जास्त त्याचा टफनेस असतो. हे कार्ड प्रथम ‘फ्यूचर साइट’ या मे २००७ मधील संचात आले. मूळ लुरगॉयफ १९९५ च्या ‘आइस एज’ संचातील असून तो ग्रेव्हयार्डांतील केवळ क्रीचर कार्डे मोजतो. २००१ च्या ‘ओडिसी’मध्ये याच कल्पनेवर पाच रंगांची पाच क्रीचर निघाली, त्यांपैकी हिरवा टेराव्होर लँड मोजतो. टार्मोगॉयफचा वेगळेपणा असा, की तो कार्डांची संख्या मोजतच नाही.

म्हणजे ग्रेव्हयार्डांत दहा क्रीचर असली, तरी त्याची पॉवर एकच?

होय. दहा क्रीचर कार्डे असली तरी कार्ड-प्रकार एकच, म्हणून टार्मोगॉयफ १/२. त्यात एक लँड पडला की २/३, एक सॉर्सरी पडली की ३/४. दुसरा आणि तिसरा लँड पडल्याने काहीही बदलत नाही. ग्रेव्हयार्डे मात्र सर्व खेळाडूंची धरायची आहेत. कमांडरच्या चौघांच्या डावात चारही ग्रेव्हयार्डे एकत्र धरली जातात. केवळ स्वतःचे ग्रेव्हयार्ड पाहणाऱ्या ‘डिलिरियम’ या क्षमतेशी अनेक जण येथे गल्लत करतात. सर्व ग्रेव्हयार्डे रिकामी असतील, तर टार्मोगॉयफ ०/१ असतो. टफनेस शून्य नसल्यामुळे तो त्या अवस्थेतही बॅटलफील्डवर टिकतो.

कोणते प्रकार मोजले जातात आणि त्याचा आकार जास्तीत जास्त किती होऊ शकतो?

आर्टिफॅक्ट, बॅटल, क्रीचर, एन्चांटमेंट, इन्स्टंट, किंड्रेड, लँड, प्लेन्सवॉकर आणि सॉर्सरी हे नऊ प्रकार मोजले जातात. त्यामुळे केवळ स्वतःच्या क्षमतेच्या जोरावर तो जास्तीत जास्त ९/१० होऊ शकतो. प्रत्यक्ष डावात ४/५ किंवा ५/६ हाच नेहमीचा पल्ला असतो, कारण प्लेन्सवॉकर आणि एन्चांटमेंट ग्रेव्हयार्डात जाण्याचे प्रसंग कमी येतात आणि बॅटल तर हरवल्यानंतर ग्रेव्हयार्डात न जाता एक्झाइल होते.

‘लेजेंडरी’, ‘बेसिक’, ‘स्नो’ हे कार्ड-प्रकार नव्हेत. त्याचप्रमाणे ‘एल्फ’, ‘इक्विपमेंट’, ‘ऑरा’ किंवा ‘फॉरेस्ट’ हे उपप्रकार आहेत. त्यांपैकी काहीही मोजायचे नाही.

माझ्या जुन्या कार्डावर ‘ट्रायबल’ लिहिले आहे आणि ‘बॅटल’चा उल्लेख नाही. मग काय धरायचे?

छापील कार्डावर कंसात दिलेली यादी ही केवळ आठवणीसाठी असते; तिला नियमाचे बळ नसते. कार्डाचा अधिकृत मजकूर प्रकाशकाच्या, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या, कार्ड-सूचीत असतो आणि प्रकारांची यादी मुख्य नियमावलीत. ‘ट्रायबल’ या प्रकाराचे नाव पुढे बदलून ‘किंड्रेड’ करण्यात आले, तर ‘बॅटल’ हा प्रकार २०२३ च्या ‘मार्च ऑफ द मशीन’ संचात नव्याने आला. हे दोन्ही बदल जुन्या छपाईच्या टार्मोगॉयफलाही आपोआप लागू होतात. मे २००७ मध्ये या कार्डाच्या कंसात ‘प्लेन्सवॉकर’ हा शब्द छापला गेला, तेव्हा त्या प्रकारचे एकही कार्ड अस्तित्वात नव्हते. पहिली पाच प्लेन्सवॉकर कार्डे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘लॉर्विन’सोबत आली. भविष्यातील संचांची चाहूल देणारा संच म्हणून ‘फ्यूचर साइट’ची जी ख्याती आहे, तिला साजेशीच ही गोष्ट म्हणावी लागेल.

एकाच कार्डाचे दोन प्रकार असतील, किंवा कार्डाला दोन बाजू असतील, तर?

आर्टिफॅक्ट क्रीचर ग्रेव्हयार्डात पडले की आर्टिफॅक्ट आणि क्रीचर असे दोन्ही प्रकार मोजले जातात. ‘फ्यूचर साइट’मधीलच ड्रायड आर्बर हे कार्ड लँड आणि क्रीचर या दोन्ही प्रकारांचे असल्यामुळे ते एकटेच टार्मोगॉयफला २/३ करते. याउलट म्यूटाव्हॉल्टसारखा लँड, जो तात्पुरता क्रीचर बनतो, तो क्रीचर असताना मारला गेला तरी ग्रेव्हयार्डात केवळ लँड म्हणूनच पोहोचतो, कारण क्रीचरपण बॅटलफील्डवरच संपलेले असते.

दोन बाजूंच्या कार्डांबाबत ग्रेव्हयार्डात पुढची बाजूच विचारात घेतली जाते. म्हणून पुढे सॉर्सरी आणि मागे लँड असलेले कार्ड फक्त सॉर्सरी ठरते. ॲडव्हेंचर असलेली क्रीचर कार्डे, उदाहरणार्थ ‘थ्रोन ऑफ एल्ड्रेन’मधील बोनक्रशर जायंट, ग्रेव्हयार्डात केवळ क्रीचर असतात, त्यांच्या छोट्या चौकटीतला ‘इन्स्टंट’ हा शब्द तेथे मोजायचा नाही. स्प्लिट कार्डांचा नियम मात्र वेगळा आहे. त्यांच्या दोन्ही अर्ध्यांचे गुणधर्म ग्रेव्हयार्डात एकत्र धरले जातात, त्यामुळे एक अर्धा इन्स्टंट आणि दुसरा सॉर्सरी असेल, तर दोन्ही प्रकार मिळतात.

टोकन मेल्यावर क्षणभर ग्रेव्हयार्डात जाते हे खरे, परंतु टोकन हे कार्ड नसल्यामुळे त्या क्षणापुरतेही ते मोजले जात नाही.

टार्मोगॉयफ २/३ असताना त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकला, तर तो मरतो का?

या कार्डाविषयी सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर ग्रेव्हयार्डांत आधीपासून काय पडले आहे यावर अवलंबून आहे.

समजा, सर्व ग्रेव्हयार्डांत मिळून एक लँड आणि एक क्रीचर आहे. टार्मोगॉयफ २/३ आहे. प्रतिस्पर्ध्याने लाइटनिंग बोल्ट टाकला. बोल्ट रिझॉल्व्ह होताना प्रथम ३ डॅमेज देतो आणि त्याच रिझॉल्व्ह होण्याची अखेरची पायरी म्हणून स्वतः मालकाच्या ग्रेव्हयार्डात जातो. क्रीचरला प्राणघातक डॅमेज झाले आहे की नाही, याची तपासणी, म्हणजे ज्यांना स्टेट-बेस्ड ॲक्शन म्हणतात त्या, बोल्ट पूर्णपणे रिझॉल्व्ह झाल्यानंतर, एखाद्या खेळाडूला पुन्हा प्रायॉरिटी मिळण्याच्या वेळी होतात. त्या वेळी ग्रेव्हयार्डांत लँड, क्रीचर आणि इन्स्टंट असे तीन प्रकार असतात. टार्मोगॉयफ ३/४ झालेला असतो, त्याच्यावर ३ डॅमेज असते आणि तो जिवंत राहतो.

आता तीच २/३ ची स्थिती, परंतु ग्रेव्हयार्डांत लँड आणि इन्स्टंट आहेत. बोल्ट ग्रेव्हयार्डात पडल्याने नवा प्रकार वाढत नाही. टार्मोगॉयफ २/३ च राहतो आणि ३ डॅमेजने मरतो.

या दुसऱ्या स्थितीतही टार्मोगॉयफच्या मालकाला त्याला वाचवण्याची संधी असू शकते. त्याच्याकडे मिश्राज बॉबल असेल आणि ग्रेव्हयार्डांत अद्याप एकही आर्टिफॅक्ट नसेल, तर बोल्ट स्टॅकवर असतानाच त्याने बॉबल सॅक्रिफाइस करावे. सॅक्रिफाइस करणे हा क्षमतेच्या किमतीचा भाग असल्यामुळे बॉबल तत्काळ ग्रेव्हयार्डात जाते आणि बोल्ट रिझॉल्व्ह होण्यापूर्वीच टार्मोगॉयफ ३/४ होतो. ज्या प्रतिस्पर्ध्याने बॉबलकडे पाहून न पाहिल्यासारखे केले असेल, त्याचा बोल्ट येथे फुकट जातो.

मात्र वाचलेला टार्मोगॉयफ सुरक्षित आहे, असे समजू नये. झालेले डॅमेज टर्नच्या अखेरच्या क्लीनअप स्टेपपर्यंत त्याच्यावर राहते. ३ डॅमेज घेतलेल्या ३/४ टार्मोगॉयफला त्याच टर्नमध्ये आणखी १ डॅमेज पुरेसे असते.

हाच तर्क क्रीचरांच्या लढाईला लागू होतो का? समोरचे क्रीचर मेले की टार्मोगॉयफ वाढून वाचतो का?

नाही, आणि येथे बोल्टचा नियम पाठ केलेले खेळाडू हमखास चुकतात. ग्रेव्हयार्डांत लँड आणि सॉर्सरी आहेत, टार्मोगॉयफ २/३ आहे आणि त्याने ३/२ च्या क्रीचरला ब्लॉक केले, असे धरू. दोघेही एकमेकांना एकाच वेळी डॅमेज देतात. तपासणीच्या क्षणी दोन्ही क्रीचर बॅटलफील्डवर असतात, दोघांवरही प्राणघातक डॅमेज असते आणि दोघांचाही नाश एकाच वेळी होतो. समोरच्या क्रीचरने ग्रेव्हयार्डात पोहोचून टार्मोगॉयफचा टफनेस वाढवावा, इतकी फुरसत मधे मिळतच नाही. बोल्टच्या उदाहरणात बोल्ट तपासणीच्या आधी ग्रेव्हयार्डात पोहोचलेला असतो. येथे क्रीचर तपासणीमुळे पोहोचते.

फर्स्ट स्ट्राइक असलेले क्रीचर लढाईत असेल, तर चित्र बदलते. फर्स्ट स्ट्राइकच्या डॅमेजनंतर स्वतंत्र तपासणी होते. त्या टप्प्यात एखादे क्रीचर मेले आणि ग्रेव्हयार्डांतील ते पहिलेच क्रीचर असेल, तर नेहमीचे डॅमेज देण्यापूर्वीच टार्मोगॉयफ एकाने वाढतो.

दोन टार्मोगॉयफ परस्परांशी लढले, तर कोणीही मरत नाही. दोघेही त्याच ग्रेव्हयार्डांकडे पाहत असल्यामुळे पॉवर नेहमी समोरच्याच्या टफनेसपेक्षा एकाने कमी पडते. दोन्ही बाजूंना टार्मोगॉयफ उभे असलेले डाव तुंबून राहण्याचे कारण हेच आहे.

ग्रेव्हयार्ड रिकामे करणाऱ्या कार्डांचा त्याच्यावर काय परिणाम होतो?

परिणाम तत्काळ होतो. रेलिक ऑफ प्रोजेनिटसची दुसरी क्षमता वापरली की सर्व ग्रेव्हयार्डे एक्झाइल होतात. रेलिक स्वतःही किंमत म्हणून एक्झाइल झालेले असते, त्यामुळे टार्मोगॉयफ थेट ०/१ वर येतो. त्याच्यावर आधीचे एक जरी डॅमेज असेल, तरी तो मरतो.

टॉर्मॉड्स क्रिप्टचे गणित थोडे निराळे आहे. क्रिप्ट सॅक्रिफाइस होऊन मालकाच्या ग्रेव्हयार्डात जाते आणि नेम धरलेल्या एका खेळाडूचे ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते. नेम प्रतिस्पर्ध्यावर असेल, तर क्रिप्ट स्वतः मागे उरते. म्हणजे दुसरे काहीही नसले तरी आर्टिफॅक्ट हा एक प्रकार शिल्लक राहून टार्मोगॉयफ १/२ असतो. रेस्ट इन पीस बॅटलफील्डवर असेल, तर ग्रेव्हयार्डात जाऊ पाहणारे प्रत्येक कार्ड एक्झाइल होते आणि टार्मोगॉयफ ०/१ वर अडकून पडतो.

स्कॅव्हेंजिंग ऊझ हा त्याचा सर्वांत चिवट शत्रू मानावा लागेल, कारण तो एकेक कार्ड निवडून काढतो. ४/५ टार्मोगॉयफवर ३ डॅमेज असताना ऊझने एका प्रकारचे एकमेव कार्ड काढले, तर तो ३/४ होऊन वाचतो. दुसऱ्या प्रकारचे एकमेव कार्ड काढताच २/३ होऊन मरतो.

टार्मोगॉयफ हातात, लायब्ररीत किंवा ग्रेव्हयार्डात असताना त्याचा आकार किती धरायचा?

त्याची क्षमता सर्व ठिकाणी लागू असते, त्यामुळे आकार सर्वत्र सारख्याच पद्धतीने मोजायचा. टफनेस २ किंवा कमी असलेले क्रीचर लायब्ररीतून शोधून आणणारा रिक्रूटर ऑफ द गार्ड घ्या. ग्रेव्हयार्डांत एकच प्रकार असेल, तर लायब्ररीतला टार्मोगॉयफ १/२ आहे आणि रिक्रूटर त्याला आणू शकतो. दोन प्रकार असतील, तर तो २/३ आहे आणि आणता येत नाही.

स्वतः ग्रेव्हयार्डात असताना टार्मोगॉयफ स्वतःलाही मोजतो, म्हणून तेथे तो किमान १/२ असतोच. पॉवर २ किंवा कमी असलेली क्रीचर परत आणणाऱ्या रेव्हिलार्कसोबत खेळताना ही बाब विसरू नये. क्रीचरखेरीज फक्त एकच प्रकार ग्रेव्हयार्डांत असेल, तोवरच टार्मोगॉयफ परत येऊ शकतो.

सोर्ड्स टू प्लाउशेअर्सने टार्मोगॉयफ एक्झाइल केला, तर किती लाइफ मिळते?

टार्मोगॉयफ बॅटलफील्डवर शेवटच्या क्षणी असताना त्याची जेवढी पॉवर होती, तेवढे. सोर्ड्स त्या वेळी रिझॉल्व्ह होत असते, ग्रेव्हयार्डात पोहोचलेले नसते; म्हणून त्याच्या इन्स्टंटपणाचा लाभ धरायचा नाही. फ्लिंगसाठी टार्मोगॉयफ सॅक्रिफाइस केला, तरी हाच नियम लागू होतो. ग्रेव्हयार्डांत क्रीचर नसताना ३/४ टार्मोगॉयफ फेकला, तर डॅमेज ३ होते. तो स्वतः ग्रेव्हयार्डात जाऊन चौथा प्रकार पुरवतो, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो.

टार्मोगॉयफने क्षमता गमावली, त्याला वाढवले किंवा त्याची नक्कल केली, तर हिशेब कसा करायचा?

पॉवर आणि टफनेसवरील परिणाम ठरावीक थरांनी लावले जातात. सर्वांत आधी टार्मोगॉयफची स्वतःची मोजणी येते, त्यानंतर ‘अमुक इतका हो’ असे सांगणारे परिणाम, त्यानंतर अधिक-उणे करणारे परिणाम व काउंटर आणि अगदी शेवटी पॉवर व टफनेस यांची अदलाबदल. टर्न टू फ्रॉगने तो क्षमता गमावून १/१ बेडूक बनतो. त्याच टर्नमध्ये +३/+३ देणारा जायंट ग्रोथ त्याच्या आधी टाकला असो की नंतर, उत्तर ४/४ हेच येते.

अदलाबदलीचे एक उदाहरण चांगल्या खेळाडूंनाही चकवते. सर्व ग्रेव्हयार्डे रिकामी आहेत, टार्मोगॉयफ ०/१ आहे आणि त्याच्यावर ट्विस्टेड इमेज हे इन्स्टंट टाकले. तो १/० होऊन मरेल, असे वाटते. प्रत्यक्षात तपासणीपूर्वी ट्विस्टेड इमेज ग्रेव्हयार्डात पडते, मूळ आकार १/२ होतो, त्याची अदलाबदल २/१ होते आणि टार्मोगॉयफ वाचतो. रेस्ट इन पीस बॅटलफील्डवर असेल, तर मात्र तो खरोखरच मरतो.

क्लोनने टार्मोगॉयफची नक्कल केली, तर क्लोनला त्या क्षणाचा आकडा मिळत नाही, मोजणारी क्षमता मिळते. दोघेही यापुढे बरोबरीने वाढतात आणि घटतात.

दोन मानांच्या क्रीचरला एवढे महत्त्व का मिळाले?

कारण दुसऱ्याच टर्नला तो चार मानांच्या क्रीचरएवढा होऊ शकतो. पहिल्या टर्नला फेच-लँड (लायब्ररीतून दुसरा लँड आणून देणारा लँड) सॅक्रिफाइस केला, मिळालेल्या मानातून थॉटसीझ टाकले आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातले क्रीचर टाकायला लावले, की लँड, सॉर्सरी आणि क्रीचर असे तीन प्रकार जमतात आणि दुसऱ्या टर्नला ३/४ टार्मोगॉयफ उतरतो. त्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही, हे खरे मर्म आहे. प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी जी कार्डे वापरायचीच होती, त्यांनीच त्याला पोसले.

त्याची माना व्हॅल्यू मात्र आकार कितीही असला तरी २ च राहते. २०१७ च्या ‘ईथर रिव्होल्ट’मधील फेटल पुश हे एका मानाचे इन्स्टंट माना व्हॅल्यू २ किंवा कमी असलेल्या क्रीचरचा नाश करते, टफनेसकडे पाहतही नाही. बोल्टपासून वाचण्याची टार्मोगॉयफची सारी हुशारी त्याच्यापुढे निरुपयोगी ठरली. मॉडर्नमधील त्याचा दबदबा ओसरण्यामागे नव्या, अधिक ताकदवान क्रीचरांइतकाच या एका इन्स्टंटचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

तो कोठे खेळता येतो आणि कोणती छपाई घ्यावी?

मॉडर्न, लेगसी, व्हिंटेज आणि कमांडर या फॉरमॅटमध्ये तो वैध आहे, पायोनिअरमध्ये नाही. ‘फ्यूचर साइट’मध्ये तो रेअर होता, तर २०१३ च्या ‘मॉडर्न मास्टर्स’पासूनच्या मास्टर्स संचांत मिथिक रेअर. मूळ छपाईची चौकट वेगळी असून मानाची चिन्हे डाव्या कडेने उतरत येतात. खेळाच्या दृष्टीने सर्व छपाया समान आहेत, त्यामुळे स्वस्त मिळेल ती घ्यावी.

अनेक वर्षे या कार्डाची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. २०१५ मध्ये लास व्हेगासच्या ग्राँ प्रीत पास्काल मेनार्डने अंतिम आठ जणांच्या ड्राफ्टमध्ये आपल्या डेकला उपयोगी असलेले बर्स्ट लाइटनिंग सोडून फॉइल टार्मोगॉयफ उचलला. त्यावरून बराच गदारोळ झाला. पुढे ते कार्ड लिलावात १४,९०० डॉलरला विकले गेले आणि निम्मी रक्कम त्याने धर्मादाय कार्याला दिली.

प्रतिस्पर्ध्याने ‘तुमचा टार्मोगॉयफ किती मोठा आहे?’ असे विचारले, तर सांगणे बंधनकारक आहे का?

दुकानातील साध्या, म्हणजे रेग्युलर पातळीच्या, स्पर्धेत सांगावे लागते. त्यावरील पातळीच्या स्पर्धांत टार्मोगॉयफचा आकार ही खेळाडूने स्वतः काढून घेण्याची माहिती मानली जाते. तेथे उत्तर नाकारता येते, परंतु चुकीचे उत्तर देता येत नाही. ग्रेव्हयार्ड सर्वांसाठी खुले असते आणि प्रतिस्पर्ध्याचे ग्रेव्हयार्ड केव्हाही पाहण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. आकार दाखवण्यासाठी कार्डावर फासा ठेवण्याची काही जणांची सवय मात्र टाळावी. तो फासा +१/+१ काउंटर समजला जाण्याचा संभव असतो, शिवाय ग्रेव्हयार्ड बदलले तरी फासा फिरवायचे राहून जाते. त्यापेक्षा दोन्ही ग्रेव्हयार्डांतील प्रत्येक प्रकाराचे एकेक कार्ड थोडे बाहेर सरकवून ठेवावे, मात्र कार्डांचा क्रम बदलू नये.